रिकामी चौकट

"सर, या मशीनवर काय चालू आहे?"

परीक्षा एजन्सीच्या पोरानं विचारलं तेव्हा मी प्रिंटरच्या पोटात हात घालून अडकलेला कागद ओढत होतो. २०१९ चा मे महिना. कॉलेजला सुट्टी होती, पण एका ऑनलाइन परीक्षेचं केंद्र आमच्याकडे आलं होतं आणि परवाच्या पेपरसाठी हा पोरगा सकाळीच लॅब तपासायला येऊन बसला होता. "अपडेट चालू असेल," मी न बघताच म्हणालो. सिस्टीम अॅडमिनच्या धंद्यात हे उत्तर दहातल्या नऊ वेळा खपतं.

त्या दिवशी नाही खपलं. टास्क मॅनेजर उघडा होता आणि सीपीयू शंभर टक्के. शेजारच्या मशीनवर तेच. त्याच्या शेजारी तेच. दोन लॅब मिळून बासष्ट मशीनं, एकही रिकामं सापडेना. प्रोसेसचं नाव सगळीकडे एकच, प्राइम९५. फायरवॉलच्या लॉगमध्ये पाहिलं तर ही मशीनं अधूनमधून मर्सेन डॉट ऑर्ग अशा पत्त्यावर काहीतरी पाठवत होती. त्यानं फॉर्मवर 'अनधिकृत सॉफ्टवेअर' असं लिहिलं, खाली माझी सही घेतली आणि संध्याकाळी पाचपर्यंत मशीनं स्वच्छ झाली नाहीत तर केंद्र दुसरीकडे हलवावं लागेल असं सांगून चहाही न घेता गेला.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी पोचेपर्यंत तपास पूर्ण झाला होता. "बिटकॉइन," रजिस्ट्रार म्हणाले. त्या काळात कॉम्प्युटर गरम झाला की लोक बिटकॉइन म्हणायचे, म्हणजे कुणीतरी त्यावर चोरून आभासी पैसा काढतंय. विभागप्रमुखांकडे आरोपीही तयार होता. तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा, ज्यानं मागच्या वर्षी वाय-फायचा पासवर्ड शोधून अख्ख्या हॉस्टेलला वाटला होता. वडिलांना घेऊन चार वाजता ये, असा निरोप त्याला गेलासुद्धा. वडील एसटीत कंडक्टर. ड्यूटी सोडून येणार म्हणजे एक दिवसाचा खाडा.

"सर, चारपर्यंत मला बघू द्या," एवढंच मी म्हणालो. त्या मुलाबद्दल फार प्रेम होतं असं नाही. पण प्राइम९५ हे नाव वाचल्यापासून मला वाटत होतं की हे बिटकॉइनचं काम नव्हे.

मशीन असेंबल करणाऱ्या कुणालाही हा प्रोग्राम परका नसतो. नवीन मशीन आलं की त्यावर त्याची 'टॉर्चर टेस्ट' लावायची आणि रात्रभर सोडून द्यायचं. वीज पुरवणारा एसएमपीएस कच्चा असेल, रॅम सदोष असेल, प्रोसेसरवर पेस्ट नीट बसली नसेल, तर सकाळपर्यंत मशीन मान टाकतं आणि व्हेंडरला वॉरंटीत परत देता येतं. हे तापवणं इतकं कसून होतं की इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधली एक चूकही याच प्रोग्राममुळे उघडी पडली. २०१६ च्या जानेवारीत कंपनीनं ती मान्य केली.

तापवणं हा मात्र त्याचा जोडधंदा. खरं काम मूळ संख्या शोधण्याचं. २ चा घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा, की ३, ७, ३१, १२७ अशा मूळ संख्या मिळतात. यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. पण दर वेळी मिळत नाहीत. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ती २३ गुणिले ८९ निघते. पुढे तर त्या इतक्या विरळ होत जातात की २०१९ सालापर्यंत फक्त ५१ सापडल्या होत्या. त्या शोधायला जॉर्ज वॉल्टमन यांनी १९९६ मध्ये ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च, म्हणजे गिम्प्स, सुरू केलं. जगभरातले लोक आपल्या कॉम्प्युटरचा मोकळा वेळ त्याला देतात. सर्व्हर एकेकाला एकेक घातांक नेमून देतो आणि मशीन आठवडेच्या आठवडे तो घोटत बसतं. ५१ वी संख्या तर आम्हाला ताजीच होती. डिसेंबर २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या एका गृहस्थाला ती मिळाली, २ चा ८,२५,८९,९३३ वा घात वजा १. तिच्यात २,४८,६२,०४८ अंक आहेत. तो गृहस्थही आमच्यातलाच, बांधलेली मशीनं तापवून बघायला हा प्रोग्राम वापरणारा.

तर लॅब ३ मध्ये जाऊन बसलो. एसी बंद. सात नंबरच्या मशीनचा फॅन नेहमीसारखा कुरकुरत होता. फोल्डर सी ड्राइव्हवर उघड्यावर पडलेलं, नावसुद्धा बदललेलं नाही. चोरून बिटकॉइन काढणारा माणूस आपल्या प्रोग्रामला विंडोजचंच एखादं नाव देऊन लपवतो. दारावर पाटी लावून कोणी घरफोडी करत नाही. सेटिंग उघडलं. युजर आयडीची चौकट रिकामी.

हे चालतं. खातं न काढताही गिम्प्सला काम देता येतं, आणि असं सगळं काम 'अॅनॉनिमस' नावाच्या एकाच खात्यात जमा होतं. योगदानाच्या यादीत हा अनामिक भल्याभल्यांच्या वर दिसतो. पूर्वी ती यादी पाहताना मला वाटायचं, असेल कुणीतरी अब्जाधीश, तळघरात मशीनं लावून बसलेला. त्यातली बासष्ट मशीनं माझ्याच बंद एसीच्या लॅबमध्ये निघतील हे कशाला सुचतंय?

पुरावा एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये होता. प्रोग्राम प्रत्येक निकालाची एक ओळ तारखेसह रिझल्ट्स नावाच्या फाइलमध्ये लिहितो. पहिली ओळ जून २०१४ ची. तेव्हा आमचा आरोपी अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत होता. मुलगा सुटला, हे तिथेच ठरलं.

मग आठ नंबर उघडलं. पहिली ओळ तीच, त्याच तारखेची, त्याच मिनिटाची. नऊ नंबर, तेच. लॅब ४ चं शेवटचं मशीन, तेच. ही बाकीची मशीनं २०१४ मध्ये कॉलेजात आलीही नव्हती, तर त्यांना २०१४ आठवतंय कसं? ओळीमागून ओळ जुळवत खाली आलो. ११ जुलै २०१७ पर्यंत बासष्टच्या बासष्ट फाइली अक्षरशः एक होत्या. त्यानंतर त्यांच्या वाटा वेगळ्या झालेल्या.

डेड स्टॉक रजिस्टरसोबत मी देखभालीची एक वही ठेवतो. ११ जुलै २०१७ चं पान काढलं. 'लॅब ३ व ४, सर्व मशीनवर नवीन इमेज टाकली. मूळ मशीन: लॅब ३, क्र. ७.' (इमेज म्हणजे एका मशीनच्या अख्ख्या डिस्कची नक्कल.) खाली सही.

सही माझी होती.

सांगायला लाज वाटते, पण पहिले पाच मिनिटं मी ती वही मिटून कपाटात ठेवण्याचाच विचार करत होतो. सात नंबर हे लॅबमधलं सगळ्यात शहाणं मशीन, कधी अडायचं नाही, म्हणून मी त्याची इमेज घेतली आणि सगळ्यांवर मारली. आत काय आहे ते बघितलं नाही. सगळ्यात खालच्या प्रायॉरिटीवर चालणारा प्रोग्राम, पोरं काम करत असताना बाजूला सरकायचा, त्यामुळे दोन वर्षं कुणाची तक्रार नाही. बरं, इमेजसोबत कामाची यादीही कॉपी झालेली. म्हणजे पहिला महिनाभर बासष्ट मशीनांनी एकच घातांक घोटला होता. सगळ्यांचं उत्तर सारखंच आलं, ते आपलं नशीब.

या प्रकरणाचे जुने किस्से माहीत होते म्हणून पोटात गोळाही आला. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीत कंत्राटावर असलेल्या माणसानं याच गिम्प्ससाठी कंपनीची २,५८५ मशीनं जुंपली होती. नंबर शोधून द्यायला जिथे काही सेकंद लागायचे तिथे मिनिटं लागायला लागली, आणि एफबीआय दारात आली. जॉर्जियातल्या एका कॉलेजच्या तंत्रज्ञानं असाच दुसऱ्या प्रकल्पाचा प्रोग्राम कॉलेजच्या मशीनांवर टाकला, तर त्याच्यावर फौजदारी खटला झाला. २००२ मध्ये प्रोबेशनवर सुटला बिचारा. उलट बाजूही आहे. सेंट्रल मिसूरी विद्यापीठात कर्टिस कूपर या प्राध्यापकांनी विद्यापीठाच्या शेकडो मशीनांवर हेच काम उघडपणे चालवलं आणि तिथे चार मूळ संख्या सापडल्या. मशीनं संस्थेची, काम तेच. फरक फक्त आधी विचारण्याचा.

सात नंबरवर २०१४ मध्ये ते कोणी टाकलं, हे विचारायला एकच माणूस होता. आमचे लॅब असिस्टंट काका. गणितात बीएस्सी, तीस वर्षं लॅब सांभाळली, मी लागलो त्याच महिन्यात निवृत्त झाले. फोन लावला तेव्हा ते गावी शेतात होते.

"काका, सात नंबरवर प्राइम९५ तुम्ही टाकलं होतं?"

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग, "अजून चालू आहे?"

त्या आवाजात भीती नव्हती, आनंद होता. मशीन नवं आलं तेव्हा तापवायला लावलं होतं, म्हणाले, मग वाटलं चालूच राहू दे एक कोपऱ्यात. सुट्टीत काढू, पुढच्या सुट्टीत काढू, करत निवृत्ती आली.

"एक नाही काका, बासष्ट."

झालं ते सगळं सांगितलं. ते इतके हसले की ठसका लागला. "मी एकावर ठेवलं होतं रे. बाकी एकसष्ट तुझी."

"पण नाव का नाही घातलं? सापडली असती एखादी तर? तीन हजार डॉलर देतात."

"नाव माझं घातलं असतं तर वीजबिलपण माझ्या नावावर यायला पाहिजे होतं की. वीज कॉलेजची, मशीन कॉलेजचं. मी कोण?"

"मग कॉलेजचं घालायचं."

"कॉलेजला विचारलंच कुठं होतं!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर चौकट रिकामी असल्यामुळे, एखादी संख्या सापडली असती तरी आम्हाला पत्ता लागला नसता. नाव घालूनही चुकामूक होतेच म्हणा. कूपर यांच्या मशीनला २०१५ च्या १७ सप्टेंबरला २,२३,३८,६१८ अंकी संख्या मिळाली, सर्व्हरचा ईमेल काही गेला नाही, आणि ती तशीच पडून राहिली ७ जानेवारी २०१६ पर्यंत.

अहवाल लिहायला बसलो. काकांचं नाव घालणं सोपं होतं. निवृत्त माणूस, संस्थेला त्याचं काही करायचं नाही, आणि विषय तिथेच संपला असता. पण एका मशीनचं बासष्ट मी केलं होतं. लिहिलं: इमेज मी तयार केली, तपासली नाही. मीटर लावून मोजलेले आकडेही दिले. मशीन बसून असताना ३८ वॉट, प्रोग्राम चालू असताना ८१. बासष्ट मशीनांचे रोजचे सात तास धरले तर दिवसाला साधारण १९ युनिट जादा.

प्राचार्यांनी वाचलं. "म्हणजे यातून पैसे कुणालाच मिळाले नाहीत?" "नाही सर." "आणि नावपण नाही?" "नाही." याचं त्यांना बिटकॉइनपेक्षा जास्त आश्चर्य वाटलेलं दिसलं. मला मेमो मिळाला, नोकरीतला पहिला. मुलगा आणि त्याचे वडील बाहेर बाकावर बसले होते. त्यांना जायला सांगितलं. सॉरी मात्र कुणी म्हटलं नाही, मीसुद्धा नाही. जाताना मुलगा हळूच म्हणाला, "सर, ते सॉफ्टवेअर फ्री आहे का?"

पाचच्या आत एकसष्ट मशीनांवरून प्रोग्राम काढला. अर्धवट राहिलेली कामं मुदत संपली की सर्व्हर दुसऱ्या कुणाला देतो, त्याची चिंता नव्हती. सात नंबरवर मात्र हात अडला. काम ९४ टक्क्यांच्या पुढे गेलेलं. पूर्वी कुणीतरी तपासलेल्या संख्येची फेरतपासणी होती ती; तेव्हा दोन वेगवेगळ्या मशीनांचं उत्तर जुळल्याशिवाय गिम्प्स निकाल पक्का धरत नसे. फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं आणि मगच सात नंबर पुसलं.

राहिलेलं काम एका रात्रीचं होतं. घरच्या मशीनवर लावलं. "हे काय घूं घूं चाललंय?" बायकोनं विचारलं. कॉलेजचं काम, म्हणालो. युजर आयडीच्या चौकटीत कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला. आता वीज माझी होती. पण हिशेबानं ९४ टक्के कॉलेजचीच, म्हणून रिकामी ठेवली.

सकाळी निकाल गेलेला. संख्या मूळ नव्हती. त्या घातांकाचं पान उघडलं तर वरच्या ओळीत परदेशातलं कुणाचं तरी नाव, काही वर्षांपूर्वीची तारीख. खालच्या ओळीत अनामिक, आजची तारीख. दोन्हींसमोरचा, तपासणीच्या शेवटी उरलेला सोळा अक्षरांचा शेष तंतोतंत एक. त्याचा फोटो काकांना व्हॉट्सअॅपवर पाठवला.

दुपारी त्यांचं उत्तर आलं. "छान. सात नंबरच्या फॅनला तेल घाल."