ओडीनने सॅमसंग फ्लॅश करताना खरा वेळ फाईल शोधण्यात जातो

फोन लोगोवर अडकला की दुकानात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मदरबोर्ड गेलाय". मावशीच्या गॅलेक्सीला पण तेच सांगितलं, वर साडेचार हजारांचा आकडा. झालं होतं काय, तर अपडेट चालू असताना नातवाने बटणं दाबून फोन मधेच बंद केला आणि तेव्हापासून लोगो येतो, विझतो, परत लोगो. अरे पण चार्जिंग होतंय, बटणं चालतायत, डाउनलोड मोड (कॉम्प्युटरवरून सॉफ्टवेअर घ्यायची स्क्रीन) उघडतोय, मग बोर्डाला हात लावायच्या आधी लॅपटॉपला लावून फर्मवेअर, म्हणजे फोनचं मूळ सॉफ्टवेअर, परत टाकून बघायला काय जातंय? यालाच फ्लॅश करणं म्हणतात.

त्यासाठी लागतं ते ओडीन. हे सॅमसंगचं स्वतःचं आतलं टूल, सर्व्हिस सेंटरवाल्यांसाठीचं, पब्लिकला त्यांनी अधिकृतपणे कधी दिलंच नाही, जे फिरतंय ते सगळं बाहेर फुटलेलं. त्यामुळे भलत्याच साईटवरून ओडीनच्या नावाखाली काहीही उतरवून घ्याल, जरा बघून. (पिक्सेलवाल्यांची मजा आहे, गूगलने त्यांना ब्राउझरमधूनच फ्लॅश करायची सोय दिलीय. सॅमसंगला हे का जमत नाही कळत नाही, इतके फोन विकतात.)

आता फाईल. लोक इथेच घाई करतात. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे, ए५१ आहे म्हणून कुठल्यातरी ए५१ ची फाईल चालत नाही. मग व्हर्जन. समजा फर्मवेअरच्या नावाचा शेवट ४डीयूबी१ असा आहे, तर त्यातला ४ म्हणजे बूटलोडरचा (फोन चालू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमचा) आकडा, यू म्हणजे २०२१ साल, बी म्हणजे फेब्रुवारी. साल-महिना एवढं महत्त्वाचं नाही, तो ४ महत्त्वाचा. फोनवर ४ असेल तर ३ वाली फाईल फोन घेतच नाही, स्क्रीनवर एसडब्ल्यू रेव्ह चेक फेल असं लाल अक्षरात येतं आणि ओडीन फेल दाखवतं. वर जाता येतं, खाली येता येत नाही.

पण फोन चालूच होत नाही तर आकडा बघायचा कुठे? रिकव्हरी मोडमध्ये, म्हणजे फोन पूर्ण सुरू न होताही उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूत. वरच्या बारीक अक्षरांच्या ओळींमध्ये सध्याच्या फर्मवेअरचं पूर्ण नाव दिसतं, चष्मा लावून वहीत उतरवून घ्या. नवीन फोनमध्ये रिकव्हरीत जायला सुद्धा केबल कॉम्प्युटरला लावलेली असावी लागते, नाहीतर बटणं दाबत बसाल.

फर्मवेअरची झिप सोडवली की बीएल, एपी, सीपी, सीएससी आणि होम सीएससी अशा पाच फाईली, म्हणजे फर्मवेअरचे वेगवेगळे भाग, निघतात पण ओडीनमध्ये भरायच्या चारच, कारण शेवटच्या दोनातली एकच घ्यायची. सीएससी घेतली की फोन कोरा, होम सीएससी घेतली की डेटा राहतो. बहुतेक व्हिडिओत न सांगता सीएससी भरतात! मावशीच्या फोनमध्ये काकांचे फोटो होते, बॅकअप वगैरे काही नाही, त्यामुळे मी होम सीएससीच घेतली, आणि फाईलही त्याच व्हर्जनची. होम सीएससीने फोन सुरू होईलच अशी गॅरंटी नसते हां, डेटाचाच भाग बिघडला असेल तर शेवटी पुसावंच लागतं, पण आधी ही टाकून बघायची.

बाकी काम सोपंय. सॅमसंगचा यूएसबी ड्रायव्हर टाका, फोन बंद करून आवाजाची दोन्ही बटणं धरून केबल लावा, इशारा आला की आवाज वाढवायचं बटण दाबा, डाउनलोड मोड उघडतो. ओडीनमध्ये अॅडेड आलं की जोडला गेला. एपी ची फाईल कित्येक जीबीची असते, ती निवडली की ओडीन गोठल्यासारखं होतं, विंडोज सांगतं प्रतिसाद देत नाही, तरी बंद करू नका, ते फाईल तपासत असतं. ऑटो रिबूट आणि एफ रिसेट टाईमवर आधीपासून टिक असते ती तशीच ठेवा, री-पार्टिशनला हात लावू नका. ओडीन सेटअप कनेक्शनवर अडकलं तर केबल नाहीतर पोर्ट बदला. नुसती चार्जिंगची केबल असेल तर काहीच होणार नाही, आणि लॅपटॉप मधेच स्लीपमध्ये जाणार नाही एवढं बघा.

आमच्याकडे हिरवा पास आला, फोन आपोआप रिबूट झाला आणि लोगोवर इतका वेळ थांबला की मावशी म्हणाली, "अरे परत तेच!" पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतोच. मग तिचा नेहमीचा वॉलपेपर आला. फोटो सगळे जागेवर.

अधिकृत फर्मवेअर टाकल्याने नॉक्स फ्यूज (सॅमसंगच्या सुरक्षेची, एकदा उडाली की परत न येणारी खूण) उडत नाही, तो बाहेरचं काही टाकलं की उडतो, त्यामुळे ती भीती नको. पण सीएससीने फोन कोरा करायची वेळ आलीच तर आधी फोनवरचं गूगल अकाउंट आणि पासवर्ड आठवतोय का ते विचारून घ्या, नाहीतर फोन सुरू होऊन जुनं अकाउंट मागत बसेल. मावशीला आठवत नव्हता, आता तिच्या डायरीत लिहून ठेवलाय.