गुडघ्यातली करकर

ठाण्यात नौपाड्यातली आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही. गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावर चढताना उजवा गुडघा वाजायला लागला. उठताना एखादा 'कट्', आणि जिन्यावर पायरीगणिक करकर, वाळूवर चप्पल घासावी तशी. दुखत काहीच नव्हतं. पण शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, वंगण संपलं तुझं!" आणि मी धसकाच घेतला. तलावपाळीची संध्याकाळची फेरी बंद, मांडी घालून बसणं बंद, भाजीही लेकाने आणायची. दोन महिन्यांत गुडघा खरंच दुखू लागला.

हाडांच्या डॉक्टरांनी एकेक विचारलं. सूज येते? गुडघा मध्येच अडकतो? पाय अचानक लटपटतो? सगळ्याला माझं उत्तर 'नाही'. मग मला पलंगाच्या कडेवर बसवलं, माझाच तळहात गुडघ्याच्या वाटीवर ठेवायला लावला आणि म्हणाले, "आता पाय हळूहळू सरळ करा." हाताखाली बारीक खरखर लागली. वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून वरखाली सरकते. तिच्यामागची कुर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, जराशी खडबडीत झाली की असं लागतं. 'कट्' मात्र वेगळा. सांध्यातल्या द्रवात वायू विरघळलेले असतात, दाब एकदम उतरला की तिथे पोकळी तयार होते. कॅनडातल्या संशोधकांनी 2015 साली बोटांच्या सांध्यात हे एमआरआयवर पाहिलं. दृष्ट काढून आजी कानशिलावर बोटं मोडायची, तो हाच आवाज! आणि एकदा मोडलेलं बोट साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही, तेही यामुळेच.

"मग दुखतं कशामुळे?" मी विचारलं. त्यांनी टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी दीड सेंटीमीटर बारीक. वाटीला नीट धरून ठेवणारा मांडीचा स्नायू मी चालणं टाकून स्वतःच अशक्त केला होता. ऐकून फार वाईट वाटलं.

औषध नाही, व्यायाम. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबून पाच आकडे मोजायचे. मग पाय ताठ ठेवून वीतभर उचलायचा. सकाळ-संध्याकाळ, तीन महिने. पहिल्या आठवड्यात मांडी थरथरायची.

आता तलावपाळीला पुन्हा दोन फेऱ्या होतात, दुखणं गेलंय. करकर आहे तशीच आहे. परवा जिन्यात काकू भेटल्या. त्यांना पायरीवर बसवलं आणि त्यांचाच हात त्यांच्या वाटीवर ठेवला.

"अगं बाई, माझाही वाजतोय की!"