न्हाणीतलं आर्ट आणि सासूबाईंचा व्हेटो

हॉलमध्ये एक फ्रेम लावायची म्हटली की घरात मतदान सुरू होतं, सोफ्याला मॅच होतेय का, पाहुणे काय म्हणतील वगैरे वगैरे. बाथरूमकडे कोणाचं लक्षच नसतं, त्यामुळे तिथे कितीही विचित्र काही लावलं तरी खपतं, उलट जेवढी खोली लहान तेवढं ते जास्त शोभतं असं माझं ठाम मत आहे. आमचं वेंगुर्ल्याचं बाथरूम म्हणजे जुन्या न्हाणीलाच टाइल्स मारून केलेली चार बाय सहाची खोली, खिडकी एवढीशी, आणि चारी बाजूंनी पांढऱ्या टाइल्स, आत गेलं की दवाखान्यात ड्रेसिंगला आल्यासारखं वाटायचं.

पण कोकणात बाथरूममध्ये काही टांगायचं तर आधी पावसाला विचारायला लागतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे वाफेच्या खोलीतल्या कागदाची काय गत होणार! कागद ओल पिऊन फुगतो, वाळला की आखडतो, हे रोज चालू, मग त्याला लाटा येतात, तांबूस ठिपके पडतात, कसर लागते ती वेगळीच, आणि चित्र काचेला चिकटून फ्रेम केलेलं असेल तर सोडवताना रंग काचेवर राहतो आणि हातात नुसता कागद येतो. म्हणून ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी जुनी छापील चित्रं, बाद. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथली जुनी प्रिंट कोणाकडे असेल तर ती कोरड्या माजघरातच शोभते. शिवाय लक्ष्मी-सरस्वती बाथरूममध्ये हा विषयच नाही.

देवावरून आठवलं. माझ्या डोक्यात सावंतवाडीच्या गंजिफा होत्या, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते असतात, दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा पत्ते, राजा, प्रधान आणि मग एक्का ते दश्शी. आता मत्स्याच्या पंजीवर देव नसतोच, गोल लाखी पत्त्यावर नुसते पाच मासे, काय सुंदर दिसले असते पाण्याच्या खोलीत! मी हा सगळा युक्तिवाद सासूबाईंपुढे मांडला. त्यांनी नारळ खवता खवता ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मासो झालो म्हणान काय झाला, देव तो देवच. न्हाणयेत नको." झालं, मासे बाहेर पॅसेजमध्ये गेले. खरं सांगायचं तर लाखेचं काम वाफेत फार टिकलंही नसतं, पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

मग शेवटी नियम एकच ठरवला, जे भट्टीतून निघालंय तेच आत. जुने इनॅमलचे जाहिरातीचे बोर्ड, साबण, चहा, शिलाई मशीन, सायकल, हे लोखंडी पत्र्यावर काचेची पूड टाकून साधारण ८०० डिग्रीला भाजलेले असतात, त्यामुळे वरचा रंग म्हणजे काचच, त्याला ना वाफ ना खारी हवा. गंजतो तो फक्त टवका उडालेल्या जागी. माझा बोर्ड साबणाचा आहे, गडद निळा, पिवळी अक्षरं, आणि खालच्या कोपऱ्यातला टवका बघितला तर आधी पांढरा थर, मग काळा, मग गंजलेला पत्रा असं सगळं ओळीने दिसतं. दात घासताना मी तेच बघत बसते.

दुसरं म्हणजे कौल. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि नंतर तसली कौलं आपल्या किनाऱ्यावर सगळीकडे आली, आता घरं पाडून स्लॅब टाकतायत तर परसात ढीग पडलेले असतात, कोणी विचारतही नाही. पालथं करून बघा, खालच्या बाजूला कारखान्याचं नाव आणि चिन्ह उठावात असतं. ती बाजू पुढे करून आरशाच्या बाजूच्या फळीवर उभं केलंय. पावसात त्यावर हिरवट धरतं, मी ब्रश मारत नाही.

कागदाचा मोह एकाच ठिकाणी आवरला नाही, किनाऱ्याचा जुना दर्यावर्दी नकाशा, समुद्राची खोली फॅदममध्ये लिहिलेला. मूळ नकाशा कपाटात, भिंतीवर त्याची सनबोर्डवरची, म्हणजे प्लास्टिकच्या फोमशीटवरची प्रिंट. एक फॅदम म्हणजे सहा फूट, म्हणजे आमचं बाथरूम बरोब्बर एक फॅदम लांब, हा जोक घरात फक्त मलाच आवडतो.

लावताना टाइलला भोक न पाडता मधल्या ग्राउटमध्ये पाडा, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, त्यातही ३१६ ग्रेडचे मिळाले तर उत्तम, साधे लोखंडी एका पावसात रडतात आणि भिंतीवर तपकिरी ओघळ येतात. इनॅमलला नवीन भोक अजिबात नाही, आहेत त्याच भोकांत स्क्रू आणि मध्ये रबराचा वॉशर, नाहीतर आवळताना टवका उडालाच म्हणून समजा. ॲसिडचा क्लीनरही त्याच्या आसपास नको, चमक जाते.

इनॅमलचा बोर्ड घ्यायला जाल तर नवीन पत्र्यावर छापलेल्या नकला भरपूर मिळतात. अक्षराच्या कडेवरून नख फिरवा, जुन्यात थर किंचित लागतो, छापलेल्यात सगळं सपाट. आणि कोपरे उडालेला बोर्ड बघूनच घ्या, घासाघीस करायला सोपं जातं.