बुऱ्हाणपूर स्टेशन: भुसावळहून जाणाऱ्यांसाठी

बुऱ्हाणपूरला जाताना गडबड होते ती भुसावळला. मुंबईकडून येणारी लाईन इथे फुटते. एक फाटा मलकापूर, अकोल्यावरून नागपूरला जातो, दुसरा रावेरवरून खंडवा, इटारसीला. बुऱ्हाणपूर या दुसऱ्या फाट्यावर आहे. त्यामुळे घाईत समोर दिसेल त्या गाडीत चढू नका, कुणालाही ‘खंडवा लाईनची आहे ना?’ एवढं विचारा. नंदुरबार, अमळनेरकडच्यांना ताप्ती गंगासारखी सुरतेहून येणारी गाडी थेट पडते. धुळ्याच्या माणसाला मात्र चाळीसगावला गाडी बदलावी लागते.

भुसावळ ते बुऱ्हाणपूर ५४ किलोमीटर, एक्स्प्रेसला पाऊण ते एक तास. पण इटारसीकडे जाणारी प्रत्येक गाडी इथे थांबत नाही. राजधानीसारख्या गाड्या सरळ निघून जातात, म्हणून थांबा आधी बघून घ्या. भुसावळ सुटलं की तापीचा पूल, मग सावदा, निंभोरा, रावेर. डावीकडची खिडकी मिळाली तर लांबवर सातपुडा, आणि दोन्हीकडे केळीच.

तिकिटात लोक हमखास अडकतात. पॅसेंजरचं तिकीट एक्स्प्रेसला चालत नाही आणि एक्स्प्रेसचं सुपरफास्टला. जनरलला सुपरफास्टचा जादा आकार फक्त १५ रुपये, पण तो न भरता टीसीच्या हाती लागलात तर दंडच किमान २५० रुपये. जनरलचं तिकीट घेऊन स्लीपरमध्ये ‘तासाभराचाच तर प्रश्न’ म्हणत बसणाऱ्यांचंही तेच होतं. इतक्या कमी अंतराचं जनरल तिकीट फार वेळ चालत नाही, साधारण तीन तासांत प्रवास सुरू करावा लागतो. सकाळीच काढून संध्याकाळच्या गाडीसाठी खिशात ठेवायचं, हे जमणार नाही. मोबाइल ॲपवर काढणार असाल तर स्टेशनात शिरण्याआधी काढा. रुळांजवळ उभं राहिलं की जीपीएसमुळे ॲप अडतं.

मोठी बॅग असेल तर भुसावळच्या क्लोकरूममध्ये टाका. कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, तेव्हा छोटं कुलूप घरूनच आणा.

बुऱ्हाणपूर स्टेशन लालबाग भागात आहे, जुनं शहर तिथून तीनेक किलोमीटर. बाहेर रिक्षा उभ्या असतात. ‘शनवारा’ म्हणा, सीट रिक्षा (माणशी भाडं घेणारी) मिळते. भाडं बसण्याआधीच ठरवा. मध्य प्रदेशात आलो तरी मराठी समजते, बोलणं मात्र हिंदीत चालतं.

कुंडी भंडारा स्टेशनच्याच बाजूला आहे. मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानाच्या काळातली, १६१५ च्या सुमाराची ही जमिनीखालची पाण्याची सोय. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी ओळीने खोदलेल्या कुंड्यांतून, नुसत्या उतारावर शहरात यायचं. आधी शहरात जाऊन परत इकडे येण्यापेक्षा हे उतरल्या उतरल्या उरका. मग जामा मशीद (शुक्रवारी दुपारची वेळ टाळा) आणि शेवटी तापीकाठचा शाही किल्ला. तिथल्या हमामाचं रंगवलेलं छत चुकवू नका. मुमताज १६३१ साली याच शहरात वारली आणि आधी पलीकडच्या तीरावर, जैनाबादला पुरली गेली. ती जागा म्हणजे आहूखाना, ती बघायची तर पूल ओलांडून वेगळा वेळ काढावा लागतो. असीरगड खंडव्याच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटर, तो याच दिवसात कोंबू नका. मावा जिलेबी गरम असतानाच खा, बांधून आणली की तुपाचा थर बसतो.

परतीचं गणित वेगळं. मुंबईकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या उत्तर प्रदेश, बिहारकडून येतात. डिसेंबर-जानेवारीत तिकडच्या धुक्याने त्या तासन्‌तास रखडतात, होळी-छठनंतर जनरलच्या दारात पाय ठेवायला जागा नसते. मोबाइलवर गाडी कुठे आहे ते बघूनच शहरातून निघा. दोन तासांहून जास्त उशीर दिसला तर स्टेशनवर जाऊच नका. बसस्थानकावरून रावेर, सावदामार्गे भुसावळ-जळगावकडे एसटी जाते, ती धरा. शेवटची बस कितीला सुटते हे मात्र सकाळीच विचारून ठेवा.