हवालदाराची पाणीपट्टी

चोवीस वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढून हवालदार म्हणून पेन्शन आलो. कोरेगाव तालुक्यात घरची दोन एकर. खरिपाला घेवडा, रब्बीला ज्वारी. राजकारण माझ्या डोक्यातही नव्हतं. 2020 च्या डिसेंबरात वॉर्डातली पोरं दारात आली, "आबा, तुम्ही उभं राहा, सरपंच करतो." भुललो.

अर्ज ऑनलाइन भरायचा, प्रिंटवर सही करून तहसीलला द्यायचा. राज्यात 14,234 ग्रामपंचायतींची निवडणूक एकदम लागलेली, त्यामुळे सर्व्हर बसला. ई-सेवा केंद्रात दोन रात्री जागलो, तिथं गस्तीची सवय कामाला आली. शेवटी 30 तारखेला कागदी अर्जही चालतील, वेळ साडेपाचपर्यंत, असा निरोप आला.

कागद तरी किती! शौचालयाचा दाखला, 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य नसल्याचं घोषणापत्र, वेगळं बँक खातं, अनामत 500 रुपये. अडलो ते थकबाकीवर. माजी सैनिकांना घरपट्टी माफ झालेली, म्हणून मी छाती काढून ग्रामपंचायतीत गेलो. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, रजिस्टर माझ्याकडं फिरवलं, ओळीवर बोट ठेवलं. "आबा, घरपट्टी माफ. पाणीपट्टी नाही." तीन वर्षांची बाकी! आजूबाजूला सगळं गाव उभं. मुकाट्यानं पैसे मोजले आणि पावती कपड्यांच्या ट्रंकेत, मेडलांशेजारी ठेवली.

छाननीला नाव पुकारलं तसा सावधानमध्ये उभा राहिलो. साहेब हसले. चिन्ह मिळालं कपबशी. (ट्रॅक्टर हवा होता.)

खरा घाम फुटला तो प्रचारात. फौजेत हुकूम खाली जातो आणि काम होतं. इथं दारात उभं राहून हात जोडायचे, ते मला जमेना. आवाज आपोआप चढायचा. वरच्या आळीची म्हातारी भाकरी थापता थापता म्हणाली, "आरं, मतं मागाय आलायस का हजेरी घ्यायला?" त्या दिवसापासून उंबऱ्यावर बसूनच बोलायला लागलो.

15 जानेवारीला मतदान झालं. तेवीस मतांनी निवडून आलो.

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत त्या वेळी निकालानंतर निघाली. आमच्या गावाला चिठ्ठी आली महिलेची. पॅनेलला बाई मिळेना म्हणून शेवटच्या दिवशी जिला हातापाया पडून उभं केलं, ती माझी चुलत भावजय सरपंच झाली. पहिल्याच मासिक सभेत तिनं पाणीपट्टीच्या थकबाकीदारांची यादी मागवली आणि वाचायला माझ्याच हातात दिली.