नोटीस आलेली नसताना वकील कशाला?

नोटीस आलेली नसताना कंपनीला वकील कशाला लागतो, असे तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. एरवी हा प्रश्न मी हसून टाळतो. स्पर्धा कायद्याबाबत, म्हणजे कंपन्यांनी संगनमत करून बाजारातली स्पर्धा मोडू नये यासाठीच्या कायद्याबाबत, कंपन्यांना सल्ला देतो असे सांगितले की समोरचे उद्योजक हमखास म्हणतात, "आमच्याविरुद्ध कुणाची तक्रार नाही, आम्ही कुणाशी लेखी करार केलेला नाही, मग तुमचे आमच्याकडे काम काय?" या वाक्यातल्या मधल्या तुकड्यातच माझे बहुतेक काम दडलेले आहे.

लेखी करार नाही म्हणजे करारच नाही, ही या क्षेत्रातली सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. भारताच्या 2002 च्या स्पर्धा कायद्यातील कराराच्या व्याख्येत तोंडी समझोता आणि संगनमताने केलेली कृतीही येते. तो कागदावर असावा किंवा न्यायालयात बजावता यावा, अशी अट नाही. प्रतिस्पर्ध्यांनी आपसांत किंमत ठरवली, पुरवठा आखडला, बाजार वाटून घेतला किंवा निविदा संगनमताने भरल्या, तर स्पर्धेला बाधा पोहोचली असे कायदा गृहीतच धरतो आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी कंपनीवर येते. नेदरलँड्समधल्या पाच मोबाइल कंपन्यांचे प्रतिनिधी 2001 मध्ये एकदा भेटले आणि तिथे विक्रेत्यांच्या कमिशनचा विषय निघाला. त्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने 2009 मध्ये सांगितले की परिस्थितीनुसार संगनमत सिद्ध व्हायला एक बैठकही पुरेशी ठरू शकते.

तेव्हा माझे काम मुख्यतः वाचण्याचे आहे. व्यापारी संघटनेच्या बैठकीची विषयपत्रिका आधी मागवून घेतो आणि तिच्यात शेवटी "बाजाराची सद्यःस्थिती" असा मोघम विषय असेल, तर तिथे नेमके काय बोलणार आहेत ते विचारतो. बैठकीत कुणी दराचा विषय काढलाच, तर आक्षेप घ्यावा, तो इतिवृत्तात वेळेसह नोंदवायला लावावा आणि मग उठून यावे, असे माझे सांगणे असते. फोन आल्याचे निमित्त करून हळूच बाहेर पडणे सोयीचे वाटते खरे, पण त्यातून नापसंती दिसत नाही, आणि गप्प बसून राहणे तर संमतीच्या जवळ जाते.

एकदा एका विक्री प्रमुखाच्या मेलमध्ये वाक्य सापडले : "समोरच्यांचे कळले आहे, तेही याच महिन्यात वाढवत आहेत." चौकशी केल्यावर समजले की ही बातमी दोघांच्याही एका सामाईक ग्राहकाने भाव करताना दिली होती. ग्राहकाकडून असे कळणे हा व्यापाराचाच भाग आहे. मात्र तपास अधिकारी तीन वर्षांनी ते वाक्य वाचेल, तेव्हा त्याला तो ग्राहक दिसणार नाही. तेव्हापासून प्रतिस्पर्ध्याच्या दराची नोंद करताना माहिती कुणाकडून आणि कोणत्या तारखेला मिळाली, हे त्याच ओळीत लिहायचा नियम त्या कंपनीने केला. तो जुना मेल पुसून टाकावा का, असेही मला विचारले गेले. त्याला माझे उत्तर "नाही" हेच होते, आणि असा प्रश्न पुन्हा कुठे लेखी विचारू नये, हेही सांगून टाकले.

स्पर्धा कायद्याचे तपास अधिकारी कार्यालयाची झडती घ्यायला आले तर काय करायचे, याची तयारी हा कामाचा दुसरा भाग. जर्मनीतील ई.ऑन या ऊर्जा समूहाच्या म्युनिकमधील कार्यालयात 2006 मध्ये युरोपीय आयोगाचे, म्हणजे युरोपीय संघात स्पर्धा कायदा राबवणाऱ्या संस्थेचे, अधिकारी गेले, जमवलेली कागदपत्रे त्यांनी रात्रीपुरती एका खोलीत ठेवली आणि दाराला सील लावले. सकाळी ते सील तुटल्याचे दिसले. सफाईच्या द्रावणाचा परिणाम झाला असावा, असा बचाव कंपनीने केला. तो टिकला नाही आणि केवळ त्या सीलपायी 3 कोटी 80 लाख युरो दंड बसला. म्हणूनच माझ्या प्रशिक्षणाला संचालक आले नाहीत तर चालते. स्वागत कक्षातील, सुरक्षा विभागातील आणि रात्रपाळीतील माणसे मात्र हवीतच.

अंतर्गत चौकशीत खरोखर काही सापडले, तर मात्र सगळा वेग बदलतो. भारतात कार्टेलची, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या अशा संगनमताची, माहिती हा कायदा राबवणाऱ्या स्पर्धा आयोगाला सर्वप्रथम आणि पूर्णपणे देणाऱ्याला दंडात 100 टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, दुसऱ्याला 50 आणि तिसऱ्याला 30 टक्क्यांपर्यंत. युरोपातील ट्रक उत्पादकांच्या प्रकरणात 2016 मध्ये मान या कंपनीचा सुमारे 120 कोटी युरोंचा दंड संपूर्ण माफ झाला, कारण तिने आधी तोंड उघडले होते. इतर चौघांना मिळून सुमारे 293 कोटी युरो भरावे लागले. अशा वेळी संचालक मंडळाची पुढची बैठक कधी आहे हे बघत बसणाऱ्या अशिलावर मी क्वचित चिडतोही.

हे काम कंपनीचा पगारी वकील करू शकत नाही का, असे विचारले जाते. बरेचसे करू शकतो आणि त्याने करावेही. मात्र युरोपीय आयोगाच्या तपासात कंपनीच्या नोकरीतील वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराला गोपनीयतेचे संरक्षण नाही, हे ॲक्झो नोबेल या रसायन कंपनीच्या प्रकरणात 2010 मध्ये निश्चित झाले आहे. मी बाहेरचा वकील असल्याने हा मुद्दा माझ्या तोंडी सोयीचा वाटेल, याची मला कल्पना आहे.

उलट टोकाचे अशीलही भेटतात. प्रतिस्पर्ध्याने जाहीर दर कमी केला तर आपणही करावा का, असे घाबरून विचारतात. अवश्य करावा, बाजारात उघड दिसणारा दर पाहून स्वतःचा निर्णय स्वतः घेणे, यालाच तर स्पर्धा म्हणतात. बाजारावर वर्चस्व असलेल्या कंपनीने सवलती आखताना अधिक जपावे लागते. बाकीच्यांनी मला प्रत्येक सवलतीचा कागद दाखवण्याची गरज नाही.

म्हणून पहिल्या भेटीत मी करारांची फाइल मागत नाही. विक्री विभागातील कोण कोणत्या व्हॉट्सॲप गटांत आहे आणि त्या गटांत बाहेरचे कोण आहेत, एवढी यादी मागतो. दोन दिवसांत देतो, असे सांगितले जाते. बहुधा दोन आठवडे लागतात.