डोहाखालच्या वळणावर

‘तिळशाला देवाच्या माशांना कुरमुरे घालता, आणि तिथून परतल्यावर गळ घेऊन नदीवर बसता. मनाला पटतं का?’ पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

वाडा तालुक्यात तिळसे इथं वैतरणेकाठी महादेवाचं देऊळ आहे. तिथल्या डोहातल्या माशांना कुणी हात लावत नाही. आजोबा आधी तिथं डोकं टेकायचे आणि मग खूप खाली, आमच्या गावच्या वळणावर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचे. ‘वर देवाचे, खाली आपले’ एवढंच म्हणायचे. तो डोह राखलेला आहे म्हणून खालच्या नदीत बीज टिकतं, असं मला वाटतं.

पण माझ्या मनाला टोचली ती वलगण, म्हणजे चढणीचे मासे धरणं. पहिल्या दमदार पावसात ओहोळ भरले, की नदीतले मासे धारेविरुद्ध चढून अंडी घालायला भातखाचरांत येतात. तिथलं पाणी उथळ आणि शांत असतं. अंडी वाहून जात नाहीत, पिल्लांना किडेही भरपूर मिळतात. त्या रात्री सगळं गाव बॅटऱ्या घेऊन बांधावर असतं. मीही असायचो. एका रात्री बांधाच्या मोरीत हात घालून एक मळ्या मासा धरला. पोट गाभोळीनं, अंड्यांनी टच्च. मुठीत धरलेला असतानाही तो वरच्याच दिशेला जोर करत होता. मी त्याला बांधापलीकडे खाचरात सोडला. घरी रिकामी टोपली आणली, तेव्हा आईनं काही विचारलं नाही.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. आमच्या ओहोळावर पहारा कोण देणार? म्हणून मी स्वतःपुरती वलगण बंद केली. त्या रात्री अजून जातो, पण नुसता बघायला.

पाऊस सरला की गळ काढतो. एका जेवणापुरते मासे मिळाले की उठतो. मासा ओढताना माझा जीव हलतो, अजूनही. तो हलायचा थांबला, तर मी गळ ठेवून देईन. देवळात मन इकडेतिकडे पळतं. नदीवर मात्र दोरीच्या टोकाशी तासन् तास स्थिर राहतं. माझी पूजा तीच.

आवणीच्या, भातलावणीच्या वेळी गुडघाभर चिखलात वाकलेलो असतो, तेव्हा बोटांमधून नखाएवढी पिल्लं सुळकन जातात. रोप हातात तसंच धरून मी थांबतो आणि पाणी निवळू देतो.